सूर्यफुलाची शेते कुठे गेली?

छत्रपती संभाजीनगरहून एस.टी.ने पैठण, अंबड किंवा बीडच्या दिशेने निघालात आणि दिवस पावसाळ्याचे असले, तर खिडकीतून तुम्हांला काय दिसते? कपाशी, तूर, मका, सोयाबीन. मधूनमधून ऊस आणि मोसंबीच्या बागा. सूर्यफुलाचे पिवळेधमक शेत दिसलेच, तर बसमधले चार प्रवासी मान वळवून पाहतात, इतके ते आता दुर्मीळ झाले आहे. पण तुमचे आजी-आजोबा शेतकरी असतील, तर ते तिशीत असतानाच्या काळाबद्दल त्यांना विचारा. 1990 च्या आसपास लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड या भागांत सूर्यफुलाची शेते मैलोगणती पसरलेली असत. त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यातही हे पीक नवलाचे नव्हते. एका पिढीच्या आत एक पीक आले, वाढले आणि जवळजवळ नाहीसे झाले. हे कसे घडले, याचा विचार या लेखात करू. वरवर पाहता हा विषय शेतीचा आहे. पण त्यात आलेख, सरासरी, तापमान, घनता आणि स्थितिस्थापकता अशी आपल्या विज्ञानाच्या तासाची बरीच मंडळी भेटतील.

सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेतले. तेथील आदिवासींनी ते चार हजार वर्षांपूर्वीच लागवडीस आणले होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले आणि बराच काळ ते तेथे केवळ बागेतले शोभेचे फूल म्हणून नांदले. त्याला तेलाचे पीक म्हणून खरे रूप दिले ते रशियाने. विसाव्या शतकात क्रास्नोदार येथे पुस्तोवोइत या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे निवड करीत बियांतील तेलाचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 50 टक्क्यांच्या जवळ नेऊन ठेवले. त्याच परंपरेतले पेरेडोविक आणि इतर काही वाण 1969 साली सोव्हिएत रशियातून भारतात आले, आणि 1972 पासून आपल्याकडे या पिकाची व्यापारी लागवड सुरू झाली.

1972 हे साल महाराष्ट्रात दुष्काळाचे म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी 18 मे रोजी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेच आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ होय. सूर्यफूल, दुष्काळ आणि विद्यापीठ यांचे एकाच वर्षी येणे हा योगायोग खरा, पण आपल्या भागाला या पिकाची गरज होती हेही तितकेच खरे. खाद्यतेलाचा देशात तुटवडा होता. भुईमुगाला पाऊस वेळेवर लागतो, करडई फक्त रब्बीतच येते, आणि मृगाचा पाऊस हुकला की शेतकरी हात बांधून बसे. सूर्यफुलाचे मूळ जमिनीत दीड-दोन मीटर खोल जाते. काळ्या जमिनीत खाली साठलेली ओल ते ओढून घेते. आणि त्याचा दुसरा गुण याहून मोलाचा.

कोणत्याही महिन्यात पेरता येणारे पीक

बऱ्याच वनस्पतींना फुलोरा येण्यासाठी दिवसाची लांबी ठरावीक असावी लागते. शेवंती दिवस लहान झाल्यावर फुलते, हे तुम्ही पाहिले असेल. आपल्याकडे पेरल्या जाणाऱ्या सूर्यफुलाला मात्र दिवस लहान की मोठा याचे फारसे सोयरसुतक नाही. त्यामुळे ते खरिपात जून-जुलैत पेरता येते, रब्बीत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पंधरवड्यापर्यंत पेरता येते, आणि पाण्याची सोय असल्यास जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी पीक म्हणूनही घेता येते. जून कोरडा गेला आणि मूग-उडदाची वेळ टळली, तर जुलैअखेर सूर्यफूल टाकावे, असा सल्ला कृषी खाते आपत्कालीन पीक म्हणून देत आले आहे.

पण दिवसाच्या लांबीची पर्वा नसली, तरी तापमानाची आहे. एकच वाण खरिपात लवकर कापणीला येतो आणि रब्बीत रेंगाळतो. असे का? रोप रोज किती वाढणार, हे त्या दिवसाचे सरासरी तापमान एका किमान मर्यादेच्या किती वर आहे यावर अवलंबून असते. हिशेबासाठी ही मर्यादा 8 अंश सेल्सियस धरू. खरिपात दिवस-रात्रीची सरासरी 26 अंश असेल, तर रोज 18 अंशांची ‘कमाई’ होते. 90 दिवसांत ती 18 × 90, म्हणजे 1620 होते. आता रब्बीत सरासरी 23 अंश धरा. रोजची कमाई 15. तेवढीच पुंजी जमवायला 1620 ÷ 15, म्हणजे 108 दिवस लागतील. हा ढोबळ हिशेब आहे. जमिनीतली ओल संपत आली की पीक आधीच पिवळे पडते आणि एवढा फरक दिसत नाही. तरीही पेरणीची तारीख पाहून कापणीची तारीख पंचांगाने नव्हे तर तापमापीने ठरते, एवढे यातून ध्यानात यावे.

उन्हाळी पिकाला याच्या उलट धोका असतो. फुलोऱ्याच्या वेळी तापमान 38-40 अंशांवर गेले की परागकण निकामी होऊ लागतात आणि तबकात फोल दाणे वाढतात. पेरणीनंतर फुलोरा यायला साधारण दोन महिने लागतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले पीक एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फुलते. मार्चात पेरले, तर ते ऐन मेच्या झळांत सापडते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही तारीख अनुभवाने ठाऊक असते. आपण फक्त तिचे कारण पाहिले.

दाणे भरण्याचा प्रश्न

सुरुवातीच्या वर्षांत एक तक्रार सर्वत्र होती. फूल परातीएवढे मोठे, पण मधले दाणे पोकळ. सूर्यफुलाचे ‘फूल’ हे खरे तर शेकडो लहान फुलांचा मेळावा असतो. तबकातल्या त्या लहान फुलांत पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. पण पराग आधी पिकतात आणि कुक्षी नंतर उघडते. शिवाय जुन्या वाणांत स्वतःच्याच परागाने फळधारणा होण्याचे प्रमाण कमी होते. दुसऱ्या झाडाचे पराग आणून देणारा कोणी तरी लागतो, आणि तो म्हणजे मधमाशी.

लहान कळ्यांचे रोप दिवसभर सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते हे तुम्ही वाचले असेल. पूर्ण फुललेले तबक मात्र वळायचे थांबते आणि पूर्वेकडे तोंड करून राहते. 2016 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी काही कुंड्या मुद्दाम फिरवून फुलांची तोंडे पश्चिमेकडे केली आणि सकाळी येणाऱ्या माश्या मोजल्या. पूर्वाभिमुख फुलांवर सुमारे पाचपट माश्या आल्या. सकाळच्या उन्हाने ही फुले लवकर तापतात, आणि कीटकांना ऊब हवी असते. फुलांना छोट्या शेगडीने ऊब देऊन पाहिली तेव्हा पश्चिमाभिमुख फुलांकडेही माश्या अधिक येऊ लागल्या. प्रयोग किती साधा आहे पाहा!

माश्या कमी असतील तर शेतकऱ्याने काय करावे? हाताला मऊ फडके गुंडाळून सकाळी सात ते अकराच्या दरम्यान एकेका तबकावरून हळुवार फिरवावे, असे कृषी विद्यापीठे सांगतात. एक दिवसाआड करून हे चार-पाच वेळा करायचे. एक-दोन एकरांसाठी ठीक आहे. पण मजुरी मोजू लागलो, की गणित अवघड होते. पुढे संकरित वाण आले. 1969 साली फ्रान्समध्ये लेक्लेर्क यांनी सूर्यफुलात नरवंध्य झाडे मिळवली. अशा झाडाला स्वतःचे पराग नसल्याने त्यावर हवा तो पराग आणून संकर करणे सोपे झाले. भारतातला अशा पद्धतीचा पहिला संकर, बीएसएच-1, बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून 1980 साली आला. आपल्या लातूरच्या गळितधान्य संशोधन केंद्रानेही पुढे एलएसएफ-8 सारखा सुधारित वाण आणि एलएसएफएच-35 सारखे संकर दिले. संकरितात दाणे अधिक भरतात, तेलही अधिक असते. मात्र घरचे बी पुढल्या वर्षी पेरून चालत नाही, दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते.

आलेख काय सांगतो?

आता वही आणि पट्टी घ्या. आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर देशातले सूर्यफुलाचे क्षेत्र लाख हेक्टरांत मांडा. 1972 च्या आधी जवळजवळ शून्य. 1993-94 साली सुमारे 27. 2000-01 साली सुमारे 11. 2005-06 साली पुन्हा 23. 2010-11 साली 9. आणि 2020-21 साली सव्वादोन. हे बिंदू जोडल्यावर दोन शिखरे आणि मध्ये एक दरी दिसेल. दुसऱ्या शिखरानंतरचा उतार मात्र थेट तळापर्यंत जातो. महाराष्ट्रातही कित्येक लाख हेक्टरांचे पीक आता काही हजार हेक्टरांवर आले आहे.

याच वर्षांचे उत्पादन पाहा. 1993-94 साली साडेतेरा लाख टन, म्हणजे हेक्टरी सुमारे 500 किलो. 2020-21 साली जवळपास क्षेत्राइतकेच, सव्वादोन लाख टनांच्या किंचित वर, म्हणजे हेक्टरी सुमारे 1000 किलो. दर हेक्टरी उत्पादन दुप्पट झाले! मग हे पीक शेतकऱ्याने सोडले का?

येथे सरासरी आपल्याला चकवते. एका वर्गात पाच मुले आहेत. त्यांचे गुण 80, 70, 40, 30 आणि 30. सरासरी 50. शेवटची तीन मुले शाळा सोडून गेली. सरासरी 75 झाली. उरलेल्या दोघांनी एक गुणही अधिक मिळवलेला नाही! सूर्यफुलाचे काहीसे तसेच झाले. हलक्या, कोरडवाहू जमिनीवरची, खरिपातल्या रोगांना बळी पडणारी शेते आधी गळाली. पाण्याची सोय असलेली, रब्बी-उन्हाळी शेते टिकली. संकरित वाणांनीही उत्पादन वाढवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सगळी वाढ त्यांच्या खाती जमा करणे चूक ठरेल. वृत्तपत्रात ‘उत्पादकता दुप्पट’ असे वाचाल, तेव्हा क्षेत्राचा आकडा शोधत चला.

पहिली घसरण आणि परतफेड

1986 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले. बियाणे, खते, खरेदी आणि आयातीवर नियंत्रण या सर्वांच्या बळावर गळिताची पिके वाढली. ‘पिवळी क्रांती’ हा शब्द त्याच काळातला. 1994 साली पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीस त्यावर 65 टक्के शुल्क होते. 1998 पर्यंत ते 15 टक्क्यांच्या आसपास उतरले. बाहेरचे तेल स्वस्त मिळू लागल्यावर देशातल्या तेलबियांचा भाव दबला. आपल्या आलेखातली मधली दरी ही या काळातली. पुढे 2000 नंतर शुल्क पुन्हा चढवले गेले आणि क्षेत्रही वर आले. 2008 साली कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क शून्यावर आणले गेले. क्षेत्र आधीच उतरणीला लागले होते. तो उतार आता अधिक तीव्र झाला. आयातशुल्क हे एकमेव कारण नव्हे, पण आलेखाच्या चढ-उतारांशी ते जुळते, हे मान्य करावे लागेल.

1997 साली आणखी एक संकट आले. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात बागेपल्ली येथे सूर्यफुलाची पाने कडांनी काळी पडून करपू लागली, माना वाकड्या झाल्या, तबके भरलीच नाहीत. हाच तो नेक्रोसिस रोग. तो तंबाखूवरील एका विषाणूमुळे होतो आणि पुढील काही वर्षांत तो आंध्र, महाराष्ट्र, तामिळनाडूतही दिसला. त्याच्या प्रसाराची तऱ्हा मोठी चमत्कारिक आहे. आपल्या रस्त्यांच्या कडेला, पडीक जागी वाढणारे गाजरगवत तुम्ही रोज पाहता. या गवताला विषाणूची लागण होते, पण त्याच्या अंगावर रोगाची खूण उमटत नाही. त्याचे परागकण मात्र विषाणू बाळगतात. तिळाहून लहान असे फुलकिडे हे पराग अंगावर घेऊन सूर्यफुलावर जातात, पान खरवडतात, आणि त्या जखमेतून विषाणू आत शिरतो. म्हणजे शेतकऱ्याने शेत कितीही निगुतीने राखले, तरी रोगाचे कोठार बांधाबाहेर गायरानात आणि रस्त्याकडेला उभे! उपाय म्हणून शेताभोवती ज्वारीच्या तीन-चार ओळी आधीच पेराव्यात, असे सांगतात. उंच ज्वारी वाऱ्यावर येणारे पराग आणि फुलकिडे अडवते.

रोगाची आपल्या भागाशी आणखी एक नोंद आहे. सूर्यफुलावरचा केवडा रोग भारतात प्रथम 1980 च्या दशकात लातूर परिसरातच आढळला. खरिपातला करपा तर होताच. पावसाळी हवा, ढगाळ दिवस, माश्यांचे उडणे बंद, परागकण धुऊन जाणे — खरिपातले सूर्यफूल या सर्वांच्या कचाट्यात सापडे. नेमक्या याच काळात खरिपाला नवा धनी मिळाला, सोयाबीन. लातूरची बाजारपेठ सोयाबीनची म्हणून गाजू लागली. इकडे छत्रपती संभाजीनगर आणि जालना भागात 2002 नंतर बी.टी. कपाशी आली, सिल्लोड-कन्नडकडे मक्याने जम बसवला. सूर्यफूल खरिपातून रब्बी-उन्हाळ्याकडे ढकलले गेले. आणि उन्हाळ्यात पाणी असलेल्या शेतकऱ्यापुढे ऊस, भाजीपाला, फळबागा असे कितीतरी पर्याय असतात.

आता पोपटांचा हिशेब करू

येथपर्यंतची कारणे बहुतेक जाणकार सांगतात. पण कारणे दूर झाल्यावर पीक परत यायला हवे ना? 2022 च्या फेब्रुवारीत रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले. त्याआधी आपले बहुतांश सूर्यफूल तेल युक्रेनमधून येत होते. तेल महागले. आधारभूत किंमतही वाढत गेली: 2025-26 साठी सूर्यफुलाला क्विंटलला 7721 रुपये, तर सोयाबीनला 5328. तरीही मराठवाड्यात सूर्यफुलाची लाट उसळली नाही. का, हे एखाद्या शेतकऱ्याला विचारा. तो पुष्कळदा एकाच शब्दात उत्तर देईल: ‘पोपट!’

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. एक गाव घ्या. आसपासच्या झाडांवर 500 पोपट आहेत असे धरू. दाणे भरू लागल्यापासून कापणीपर्यंत 25 दिवस. प्रत्येक पोपट रोज 30 ग्रॅम दाणे खातो आणि सांडतो, असे मानू. (पोपट खातो त्याहून अधिक नासतो, हे पेरूच्या बागेत पाहिले असेलच.) एकूण नुकसान 500 × 0.03 × 25, म्हणजे 375 किलो. आता गावात 200 हेक्टर सूर्यफूल आहे आणि हेक्टरी 600 किलो येते. एकूण पीक 1,20,000 किलो. त्यात 375 किलो म्हणजे हजारात तीन. कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण गावात एकट्यानेच एक हेक्टर पेरले असेल तर? तेच 500 पोपट त्याच्याच शेतावर उतरणार. 600 पैकी 375 किलो गेले, निम्म्याहून अधिक!

पोपट तेवढेच, त्यांची भूकही तेवढीच. नुकसानीचे प्रमाण मात्र क्षेत्राच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून ‘तू पेरशील तर मी पेरीन’ अशी ही स्थिती आहे. क्षेत्र कमी झाले की उरलेल्यांचे नुकसान वाढते. नुकसान वाढले की आणखी काहीजण पीक सोडतात. मग क्षेत्र आणखी कमी होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक अचानक किंचाळतो तेव्हा हेच घडत असते. कर्ण्यातला आवाज ध्वनिग्राहकात शिरतो, वाढून कर्ण्यातून बाहेर पडतो, पुन्हा आत शिरतो. परिणामच उलटून कारणाला बळ देतो.

मधमाश्यांचा हिशेब याच्या उलट आहे, हेही सांगितले पाहिजे. क्षेत्र थोडे असेल तर दर हेक्टरी माश्या अधिक मिळतात. पण भरलेले दाणे जर पोपटांच्याच पोटात जाणार असतील, तर त्या लाभाचा उपयोग काय! गोफण, बुजगावणी, चकचकीत फिती हे उपाय आहेत. वाऱ्याने थरथरणाऱ्या फितीवरून परावर्तित होणारा प्रकाश पक्ष्यांना काही दिवस बिचकवतो. मग ते सरावतात. पहाटे आणि सायंकाळी राखण करणारा माणूस हाच खरा उपाय, आणि तोच आता मिळत नाही.

बाजाराचेही गणित असेच आहे. सूर्यफुलाचे बी हलके असते. एक घनमीटर सोयाबीनचे वजन 700 किलोच्या वर भरते. सूर्यफुलाचे त्याच्या साधारण निम्मे. मालमोटार काठोकाठ भरली, तरी वजन निम्मेच. भाडे मात्र फेरीचे द्यायचे. भरपूर माल येत असेल तर व्यापारी गावातच खरेदी करतो आणि तेलघाणी जवळ उभी राहते. चार पोती घेऊन एकच शेतकरी आला, तर त्याचा भाव कोण पुकारणार? शिवाय बी ओले असल्याची तक्रार असतेच. कापणीच्या वेळी दाण्यात साधारण 20 टक्के ओल असते. साठवणीसाठी ती 9 टक्क्यांवर आणावी लागते. 100 किलो ओल्या बियांत 80 किलो कोरडा भाग असतो. 9 टक्के ओलीला त्याचे वजन 80 ÷ 0.91, म्हणजे सुमारे 88 किलो भरते. बारा किलो पाणी खळ्यावरच उडून जाते. न वाळवता विकले तर व्यापारी वजन कापतो, वाळवायचे तर चार दिवस उन्हाची हमी हवी. आणि 2014 च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट आली, तर मराठवाड्यातला रब्बीचा उभा माल हातचा जातो.

राहता राहिली आधारभूत किंमत. ती जाहीर होणे आणि हातात पडणे यांत अंतर असते. 2023 च्या जूनमध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात सूर्यफुलाच्या शेतकऱ्यांनी नेमक्या याच मागणीसाठी राष्ट्रीय महामार्ग रोखला होता. जेथे खरेदी केंद्रच नाही, तेथे 7721 हा आकडा कागदावरच राहतो.

आता आपल्या आलेखाकडे परत या आणि प्रयोगशाळेतली स्प्रिंग आठवा. थोडे वजन टांगले की ती ताणते, काढले की पूर्ववत होते. स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे ताणली, तर वजन काढल्यावरही ती लांबच राहते. 2000 च्या सुमारास सूर्यफुलाचे क्षेत्र घसरले होते, तरी 11 लाख हेक्टर शिल्लक होते. घाण्या चालू होत्या, व्यापारी होते, पोपटांचे नुकसान वाटून घ्यायला शेजारी होते. भाव सुधारताच पीक परत आले. दुसऱ्या वेळी क्षेत्र इतके खाली गेले की ही सारी जुळणी मोडली. आता नुसता भाव वाढवून भागत नाही. एका शिवारातल्या शंभर शेतकऱ्यांनी एकाच पंधरवड्यात पेरणी करणे, जवळ खरेदीची सोय असणे, गाजरगवत सामुदायिकपणे काढणे, ही कामे एकेकट्याला जमणारी नाहीत. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने तेलबियांसाठी नवे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्यात पिकांचे गट करून काम करण्याची कल्पना आहे, आणि माझ्या मते बियाण्यांच्या अनुदानापेक्षा तिचेच मोल अधिक.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. अलीकडच्या वर्षांत देश वर्षाला 20 ते 35 लाख टन सूर्यफूल तेल आयात करतो. मधला आकडा 30 लाख टन घेऊ. हेक्टरी 1000 किलो बी आणि त्यात 38 टक्के तेल धरले, तर एका हेक्टरातून 380 किलो तेल मिळते. 30 लाख टनांसाठी सुमारे 79 लाख हेक्टर लागतील. म्हणजे 1993-94 च्या शिखराच्याही जवळजवळ तिप्पट! हेक्टरी उत्पादन दुप्पट झाले तरी 40 लाख हेक्टर हवेतच. तेवढी जमीन काढायची कोठून आणि कोणते पीक हटवून, हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्यासारखा आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. देशाचे आकडे छापील मिळतात, पण आपल्या गावाचा आलेख विद्यार्थी स्वतः काढू शकतात. प्रत्येक सर्व्हे नंबरात कोणत्या हंगामात कोणते पीक होते, याची नोंद गाव नमुना बारामध्ये होते. सातबाराच्या उताऱ्यातला खालचा भाग तो हाच. 2021 पासून ही नोंद राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ या मोबाइलवरच्या सोयीने शेतकरी स्वतः करतो. त्याआधीची तलाठ्याच्या दप्तरात आहे. जुने उतारे घरोघरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असतात. दहा घरांतून ते मागवा. 1985 पासून दर पाच वर्षांचे एक पान घ्या, सूर्यफूल, सोयाबीन, कपाशी, करडई आणि मका यांचे क्षेत्र वेगवेगळ्या रंगांनी मांडा. पीकपाहणीच्या नोंदीत चुका असतात, काही वेळा गेल्या वर्षीचेच पीक पुढे ओढलेले असते. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण काय सांगते तेही लिहा. दोन्ही जुळत नसतील, तेथे खूण करून ठेवा आणि शेजारच्या शेताचा उतारा पाहा.